सिमेंट विचारता, सळई विचारता, मग स्लॅबखालचा प्लाय का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत स्वतःचं घर बांधणाऱ्यांसाठी मोठा लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. सिमेंटच्या पोत्यावरची तारीख बघा, सळईवरचा शिक्का बघा, वाळूत माती किती ते बाटलीत पाणी घालून बघा, सगळं बरोबर लिहिलंय आणि कुणालाही कळेल असं लिहिलंय. पण त्या सिमेंट-वाळू-सळईचा जो स्लॅब होतो तो पहिले आठ-पंधरा दिवस ज्याच्या जिवावर उभा असतो त्या प्लायबद्दल अख्ख्या पानात एक ओळ नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले. जरा लांबेल, पण जमलं तर छापा, दिवाळीनंतर घराचं काम काढणारी बरीच मंडळी असतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

आमचं सांगलीत सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खालून टेकू आणि प्लायचा साचा उभा करायचं काम आहे. साइट आमचे हे बघतात आणि गोडाऊन, खरेदी, हिशोब माझ्याकडं, बावीस वर्षं झाली. म्हणजे प्लाय नवा असताना कसा दिसतो ते सगळेच बघतात, पण दहा स्लॅब करून, खिळे खाऊन, ट्रॅक्टरमधनं आपटत परत आल्यावर तो कसा दिसतो ते मी बघते, आणि खरं काय ते तेव्हाच कळतं.

आधी जरा समजावून सांगते, कारण घरमालक विचारतात की प्लाय म्हणजे प्लायच ना, आमच्या कपाटाचा उरलाय तो वापरा की. नाही हो. कपाटाचा साधा प्लाय आयएस, म्हणजे भारतीय स्टँडर्ड, ३०३ मध्ये येतो, मरीन म्हणतात तो आयएस ७१०, आणि सेंट्रिंगच्या प्लायसाठी वेगळं स्टँडर्ड आहे, आयएस ४९९०. आमच्या धंद्यात ज्याला फिल्म फेस म्हणतात तो तपकिरी नाहीतर काळा चकचकीत प्लाय, त्याच्या दोन्ही अंगाला क्राफ्ट कागद फिनॉल रेझिनमध्ये भिजवून गरम प्रेसमध्ये दाबून बसवलेला असतो. त्या कागदामुळं काँक्रीट चिकटत नाही, पाणी वरून आत जात नाही आणि छत खालून गुळगुळीत निघतं. कागद किती वजनाचा तेही वेगवेगळं असतं, १२० ग्रॅमचा असतो, २२० ग्रॅमचा असतो, जेवढा जड तेवढा जास्त वेळा वापरता येतो.

आता मूळ मुद्दा. तो कागद ही वरची साडी आहे. आतले लाकडाचे थर एकमेकांना ज्यानं चिकटवले तो गोंद वेगळा, आणि प्लाय टिकणार की नाही हे त्या गोंदावर आहे. फिनॉलचा गोंद असेल तर प्लाय उकळत्या पाण्यात टाकला तरी सुटत नाही, युरियाचा गोंद असेल तर पाणी आणि गरमी एकत्र मिळाली की सुटतो, आणि स्लॅबखाली दुसरं असतंय काय, ओला माल आणि सिमेंटची गरमी, वर आणि सात दिवस क्युरिंगचं पाणी. आणि बाजारात काय चाललंय तर वरचा कागद फिनॉलचा, आतला गोंद युरियाचा, आणि बोर्डावर शिक्का मात्र मोठ्या अक्षरात फिनॉलिक. कागदापुरतं ते खरंच आहे, पण घेणारा समजतो अख्खा बोर्ड फिनॉलचा.

हे मला कळलं २०१९ च्या ऑगस्टमध्ये. त्या वर्षीचा महापूर सांगलीकरांना सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमचं गोडाऊन शामरावनगरच्या बाजूला, सखल भाग. माणसं बाहेर निघाली हेच खूप होतं, मालाचा विचार करायला वेळच नव्हता. आठवडाभरानं पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर आत गुडघाभर गाळ. दोन थप्प्या होत्या, दोन्ही १२ एमएम, दोन्ही तपकिरी, एका वर्षात घेतलेल्या. एका थप्पीतले बोर्ड गाळ धुतल्यावर होते तसे, कडेला थोडे फुगलेले, एवढंच. सावलीत मध्ये फट ठेवून उभे वाळवले, मग आडवे टाकून वर वजन ठेवलं, आणि नोव्हेंबरात कामावर गेले. दुसऱ्या थप्पीतला पहिला बोर्ड मी दोन्ही हातांनी उचलायला गेले तर वरचा थर माझ्या हातात आला आणि बाकीचा बोर्ड खालीच राहिला. खारी बिस्किटाचे पापुद्रे सुटतात ना चहात बुडवल्यावर, अगदी तसं. कागद चकचकीत होता अजून, बोटानं पुसला तर चेहरा दिसेल असा, आणि आत काही धरून ठेवणारं शिल्लकच नव्हतं.

दुकानदाराकडं गेलो तर तो म्हणाला, वहिनी, आठ दिवस पुरात राहिल्यावर कुठला प्लाय टिकणार. मी म्हटलं शेजारची थप्पी टिकली की, त्याच पुरात होती. त्यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. बिलावर नुसतं शटरिंग प्लाय १२ एमएम एवढंच लिहिलेलं, गोंदाचं नाव नाही, आयएस नंबर नाही, त्यामुळं मला पुढं काही बोलताही येईना. ती चूक माझी होती, बिल नीट करून घ्यायला पाहिजे होतं.

तेव्हापासून मी नवीन माल घेताना एक बोर्ड आधी मागवते, कोपऱ्याचा वीतभर तुकडा कापून घेते आणि अंगणात चुलीवर जुन्या पातेल्यात उकळायला ठेवते. घरातल्या गॅसवर करू नका, उग्र वास सुटतो आणि ते भांडं परत जेवणाला वापरायचं नाही. सकाळी नऊला ठेवला की संध्याकाळी पाचपर्यंत, पाणी आटलं की गरम पाणीच घालायचं. मरीन प्लायच्या स्टँडर्डमध्ये ७२ तास उकळून बघतात, तेवढं कुणी घरी करणार नाही, पण युरियाचा माल असेल तर बहुतेक वेळा दुपारच्या जेवणाआधीच कडा उमलायला लागतात. तुकडा बाहेर काढून गार झाल्यावर थरांच्या मध्ये चाकूचं टोक घालून बघायचं. चांगल्या प्लायचं लाकूड चिरतं पण थर सुटत नाही. गोंदाचा रंगही बघा, फिनॉलचा गोंद गडद तपकिरी दिसतो, कापलेल्या कडेला थरांच्या मध्ये बारीक काळसर रेघा दिसतात, युरियाचा फिका असतो. मात्र रंगावर एकट्यावर जाऊ नका, रंग घालता येतो, पातेलं फसत नाही.

दुसरं म्हणजे वजन. ८ बाय ४ चा १२ एमएमचा बोर्ड, चांगला निलगिरीचा घट्ट दाबलेला, आमच्या काट्यावर २८-२९ किलो भरतो. त्याच मापाचा हलका पॉप्लरचा २१ भरला होता. आता जंगलातलं जुनं मोठं लाकूड प्लायला मिळत नाही, १९९६ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, त्यानंतर ईशान्येकडच्या प्लायच्या गिरण्या बसल्या, आणि आज जो माल येतो तो बराचसा शेतात लावलेल्या झाडांचा, हरियाणात यमुनानगरला पॉप्लर आणि निलगिरीचा, केरळात पेरुम्बावूरला रबराच्या लाकडाचाही. शेतातलं लाकूड वाईट असतं असं अजिबात नाही, आमचे सगळ्यात जास्त चाललेले बोर्ड निलगिरीचेच आहेत. पण झाड कोवळं असेल आणि वर दाबताना पण कसर केली असेल तर बोर्ड हलका राहतो आणि खिळा धरत नाही.

आणि जाडी. हे मला आमच्या ओळखीतल्या एका इंजिनिअरबाईंनी कागदावर मांडून दाखवलं. बोर्ड वाकायचा किती हे जाडीच्या घनावर असतं, म्हणजे १२ एमएम म्हणून घेतलेला प्लाय खरा साडेदहा भरला तर दीड एमएमच गेला असं वाटतं, पण ताठपणा एक तृतीयांश जातो. आता ५ इंची स्लॅब धरा, एका ८ बाय ४ च्या बोर्डावर नुसत्या काँक्रीटचंच वजन ९०० किलोच्या वर होतं, त्यावर पाच-सहा माणसं, पाट्या, व्हायब्रेटर. त्या वजनाखाली दोन बॅटनच्या, म्हणजे प्लायखालच्या आधाराच्या लाकडी पट्ट्यांच्या, मध्ये प्लाय पोटाशी वाकला की छत तसंच घट्ट होतं, मग ते कुणाला सरळ करता येत नाही. म्हणून माझ्या पिशवीत जाडी मोजायचा व्हर्निअर असतो, आणि बोर्डाच्या चारही बाजूंना मोजते, कोपऱ्यात एक आणि मध्यात एक असलं की तो बोर्ड बाजूला. दुकानदार आधी कुरकुरायचे, आता मी यायच्या आधी स्वतःच मोजून ठेवतात.

कडेला लाल नाहीतर तपकिरी रंग मारलेला असतो तो पाणी आत जाऊ नये म्हणून, चांगलीच गोष्ट आहे, पण त्या रंगाखाली काय काय लपतं ते एकदा बोर्ड मधोमध कापून बघा. आतल्या थरांत बोट जाईल एवढ्या फटी, फटीत भुसा आणि गोंदाचं पीठ भरलेलं. वरनं नाण्यानं टकटक केलं तर अशा जागी आवाज पोकळ येतो. नेमका तिथं व्हायब्रेटर टेकला नाहीतर माणसाची टाच पडली की खड्डा. आमच्या चांगल्या १२ एमएमच्या बोर्डात ९ थर आहेत, पातळ आणि एकसारखे, कडेवर बोटानं मोजता येतात.

आता पैशाचं सांगते, कारण सगळं शेवटी तिथं येऊन अडतं. माझ्या वहीत प्रत्येक बोर्डाला नंबर आहे, कोपऱ्यात पांढऱ्या रंगानं टाकलेला, आणि प्रत्येक स्लॅबनंतर त्याच्यापुढं एक रेघ मारते. पुराच्या आधीची वही गेली, पण नंतरची आहे. स्वस्त लॉट ४२ रुपये फुटानं घेतला होता, तो सरासरी ६ स्लॅब चालला, म्हणजे एका वापराला फुटामागं ७ रुपये. महाग लॉट ६८ नं घेतला, तो दोन्ही बाजू मिळून १७ पर्यंत गेला, म्हणजे ४ रुपये. दर आता बदललेत, तुमच्या गावात वेगळे असतील, पण वजाबाकी-भागाकार करायची पद्धत तीच. बोर्डाचा भाव विचारू नका, एका स्लॅबला किती पडतो ते विचारा. आमच्यासारख्या बाकीच्या सेंट्रिंगवाल्यांना हे कळत नाही असं नाही, पण हातात पैसा नसतो, घरमालक ॲडव्हान्स देत नाही, म्हणून जो परवडेल तो उचलतात आणि सहा महिन्यांनी परत तेवढाच खर्च. हे मी नावं ठेवायला लिहीत नाही, सुरुवातीची सात-आठ वर्षं आम्ही पण तेच केलंय.

घरमालक म्हणतील, प्लाय सेंट्रिंगवाल्याचा, सहा वेळा चालो का सोळा वेळा, आमचं काय जातंय. तुमचं छत जातंय. विश्रामबागेतलं एक घर आहे, दोघंही शिक्षक, रिटायरमेंटच्या पैशातनं बांधलेलं. काम आमचं नव्हतं, गिलाव्याच्या वेळी त्यांनी आम्हाला बघायला बोलावलं. हॉलच्या छताला खालून दर चार फुटांवर आडवी वरवंट्यासारखी रेघ, फुगलेल्या कडांची, मध्ये पोट आलेलं, आणि दोन जोडांपाशी सिमेंटचं पाणी गळून गेल्यामुळं खडी उघडी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, एका जागी तर सळई दिसत होती. छताला ६ एमएम गिलावा पुरतो, तिथं गवंडी काही ठिकाणी सव्वा इंच भरायला निघाला होता, तेव्हा कुठं ती सगळी रेघ झाकली असती. छताला उलटा लटकलेला एवढा जाड गिलावा म्हणजे दहा-बारा वर्षांनी कधीतरी झोपेत अंगावर यायचं भय. आम्ही सांगितलं आधी वरवंटे घासून काढा, उघडी खडी इंजिनिअरला दाखवून नीट भरून घ्या, मग पातळ गिलावा. त्यांनी ते केलं, महिना गेला, खर्च वेगळा. त्या बाई मला म्हणाल्या, मी रोज साइटवर यायचे, सिमेंटची पोती मोजायचे, हे मला कुणी सांगितलंच नाही. मला त्या वाक्याचं फार वाईट वाटलं. खरंच कुणी सांगत नाही.

घेतल्यानंतरही प्लाय सांभाळावा लागतो, त्यातलं दोन-तीनच सांगते. कापलेली कड उघडी ठेवू नका, साइटवर करवत लावली की तिथंच एपॉक्सी नाहीतर ॲक्रिलिक रंगाचे दोन हात मारायचे, पाणी कागदातनं जात नाही, कडेतनं जातं. बोर्डाचे वरचे रेषे ज्या दिशेला पळतात ती दिशा बॅटनला आडवी पडली पाहिजे, नाहीतर चांगला प्लाय पण जास्त वाकतो, हे नवीन पोरांना माहीत नसतं. आणि गाडीचं जळकं काळं ऑइल लावणं बंद करा हो. स्वस्त पडतं म्हणून लावतात, छत काळं पडतं, गिलावा धरत नाही, मग परत टाचे मारत बसा. शटरिंगचं तेल पाण्यात मिसळून लावायचं मिळतं, ते रोलरनं पातळ लावलं की पुरतं.

सेंट्रिंग खोलायची घाई हे तर वेगळंच दुखणं. आयएस ४५६ मध्ये लिहिलंय, स्लॅबखालचा प्लाय तीन दिवसांनी काढता येतो पण टेकू लगेच परत लावून, आणि टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस, त्याच्यावर चौदा. हे साध्या ओपीसी सिमेंटचं. आपल्याकडं बहुतेक घरांना पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, वापरतात, त्याला ताकद यायला जास्त वेळ लागतो, मग दिवस इंजिनिअरला विचारून वाढवायचे. दुसऱ्या साइटला प्लाय पाहिजे म्हणून चौथ्या दिवशी सगळंच पाडून नेणारे पण आहेत. आणि पाडून म्हणजे खरंच पाडून, वरनं पहार घालायची आणि बोर्ड दहा फुटांवरनं खाली फरशीवर कोपऱ्यावर सोडायचा. एका पडण्यात तीन स्लॅबचं आयुष्य जातं. आमच्याकडं खालून दोघांनी धरून उतरवायचा नियम आहे, त्याला दीड माणूस जास्त लागतो, पण माझ्या वहीतल्या रेघा त्याच्यामुळंच वाढल्यात, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या डोक्यात बोर्ड पडत नाही. खरवडताना लोखंडी थापी नको, लाकडाची चपटी फळी घ्यायची, एकदा का कागद फाटला की तिथनं पाणी शिरतं.

आता माझी विनंती, आपल्या वृत्तपत्राला आणि आपल्या भागातल्या इंजिनिअर-आर्किटेक्ट मंडळींना. कराराच्या कागदावर सिमेंटचं नाव असतं, सळईचं असतं, टाइल्सचं तर डिझाइनपर्यंत असतं, सेंट्रिंगपुढं नुसता फुटाचा रेट. तिथं एवढंच वाढवा: प्लाय फिल्म फेस, १२ एमएम, आयएस ४९९० चा शिक्का असलेला, आत आणि बाहेर फिनॉल गोंद, कडा सील केलेल्या, आणि फुगलेला किंवा थर सुटलेला बोर्ड स्लॅबवर चढणार नाही. आणि त्याप्रमाणं रेट थोडा वाढवून द्या, सेंट्रिंगवाल्याकडनं चांगला प्लाय पाहिजे आणि रेट मात्र सगळ्यात कमी वाल्याचा, हे जमत नाही. आयएसआयच्या शिक्क्याच्या वर आयएस नंबर असतो आणि खाली सीएम/एल करून लायसन्सचा नंबर, तो नंबर मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुठल्या कंपनीचा, कुठल्या मालासाठी, चालू आहे का बंद, सगळं दिसतं. दुकानात उभं राहून दोन मिनिटांत होतं. मागच्या महिन्यात एका बोर्डावरचा नंबर मी तसा टाकला तर लायसन्स खरं होतं पण साध्या ३०३ च्या प्लायचं, शटरिंगचं नव्हतंच. बोर्ड परत पाठवला.

आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी घरमालकांनी, पूजेचा नारळ आणायला जायच्या आधी, एकदा शिडीवरनं वर चढून जोडांवरनं हात फिरवावा, सळई बांधायच्या आत. कड हाताला लागली तर तो बोर्ड त्याच वेळी बदलायला सांगा, अर्ध्या तासाचं काम असतं. माल ओतल्यावर नाही सांगता येत.

उकळून बघितलेले दोन तुकडे मी गोडाऊनच्या टेबलावर ठेवलेत, एक अख्खा आणि एक पापुद्रे सुटलेला, येणाऱ्या प्रत्येक घरमालकाला हातात देते. आपल्या पुरवणीला फोटो पाहिजे असेल तर कळवा, पाठवते.

आपली,
सेंट्रिंगचा धंदा करणारी एक वाचक, सांगली